किब्बरला फेब्रुवारीत कॅमेरा कसा सांभाळायचा? (उणे २५ची तयारी)

ठाण्याची_खार

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीत हिमाचलातल्या स्पितीत किब्बरला जातोय, नवरा आणि मी. हिमबिबट्या दिसला तर आनंदच, नाही तर भरल आणि आयबेक्स (तिथल्या रानमेंढ्या आणि रानबोकड) आहेतच. कुंझुम खिंड तेव्हा बंद असते, त्यामुळे शिमला, रामपूर, नाको, ताबो, काझा असं लांबून जायचं. गाव साधारण ४२०० मीटरवर. गाइड म्हणतो रात्री उणे २५पर्यंत उतरतं, आणि दिवसा कितीही ऊन असलं तरी सावलीत गेलं की दात वाजतात.

माझी सगळी फोटोग्राफी ताडोबा आणि टिपेश्वरची. मे महिन्यात ४५ डिग्रीत कॅमेऱ्यावर पांढरा पंचा टाकून जिप्सीत बसलेय, पण थंडीतलं काही म्हणजे काही माहीत नाही. निकॉन झेड ६-२ आहे आणि १८०-६०० लेन्स. माहितीपुस्तिकेत ० ते ४० डिग्री लिहिलंय. मग उणे पंचवीसला काय करायचं? दुकानदार म्हणाला, "मॅडम, कॅमेरा जॅकेटच्या आत ठेवा." ६०० एमएमची लेन्स जॅकेटच्या आत कशी मावते ते त्याने सांगितलं नाही.

जाणकारांनी मदत करा प्लीज. बॅटऱ्या किती न्याव्या, रात्री कॅमेरा कुठे ठेवावा, हातमोजे कुठले, सगळंच हवंय.

खडूस_पेठकर

वा! आता स्पिती. पूर्वी लोक फेब्रुवारीत महाबळेश्वरला जायचे आणि स्ट्रॉबेरी खायचे.

असो. शुभेच्छा. बघतोय धागा.

प्रेअरीकर

खारताई, आधी ते ० ते ४० डोक्यातून काढा. तो कंपनीने हमी घेतलेला पट्टा. उणे एकला कॅमेरा मान टाकतो असा त्याचा अर्थ नाही. मी कॅनडात एडमंटनला राहतो. हिवाळ्यात नॉर्दर्न लाइट्स दिसायची शक्यता असली की एल्क आयलंडला किंवा आणखी उत्तरेला गाडी काढतो. उणे ३०ला तासन् तास कॅमेरा तिपाईवर उभा असतो. तुमच्यासारख्याच ० ते ४० लिहिलेल्या बॉड्या इथे सगळे वापरतात.

थंडीत कॅमेरा कुरकुरतो: स्क्रीन मंदावते, बॅटरी लवकर उतरते, लेन्सची रिंग जड फिरते. ऊब मिळाली की हे सगळं पूर्ववत होतं. खरा घात होतो तो घरात शिरताना. उणे २०चा कॅमेरा घेऊन तुम्ही होमस्टेच्या स्वयंपाकघरात शिरलात. तिथे बुखारी पेटलेली, वर थुकपा उकळतोय, दहा माणसं बसलीत. त्या हवेत भरपूर वाफ असते. ती सगळी तुमच्या कॅमेऱ्यावर बसणार. बाहेरून बसली तर पुसता येते हो, पण ती लेन्सच्या भिंगांमध्ये, माउंटमध्ये, बटणांच्या खाली बसते. आणि मग पहाटे पाचला तोच ओला कॅमेरा परत बाहेर नेलात की आतलं पाणी गोठतं.

त्यामुळे नियम असा: आत न्यायचाच असेल तर बाहेर असतानाच पिशवीत हवाबंद करायचा. पिशवीत बाहेरची थंड, कोरडी हवा राहते, दव पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरतं. आत नेल्यावर सगळं खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. नुसत्या बॉडीला दोनेक तास लागतात, तुमच्या त्या तोफेला तीन-चार तास सहज. "एकच फोटो बघू" म्हणून मध्येच चेन उघडलीत की सगळं मुसळ केरात.

ठाण्याची_खार

प्रेअरीकर, खूप आभार! पण इतकी मोठी झिपलॉक मिळत नाही. आणि दिवसभराचे फोटो रात्री बघायचेच नाहीत?? ताडोब्याला तर सफारी संपायच्या आत अर्धे डिलीट करून झालेले असतात माझे.

प्रेअरीकर

बघा की! कार्ड आणि बॅटरी पिशवी बांधायच्या आधी काढून घ्यायची. दोन्ही खिशात, कॅमेरा पिशवीत. लॅपटॉपवर फोटो, चार्जरवर बॅटरी, तिकडे कॅमेरा आपला निवांत. फक्त हे काम गाडीत बसून करा. बर्फात उभं राहून गारठलेल्या बोटांनी कार्ड काढलं आणि पडलं तर उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर शोधायला जावं लागेल.

पिशवीचं म्हणाल तर राफ्टिंगवाले वापरतात ती तोंड गुंडाळून क्लिप लावायची ड्राय बॅग घ्या, ३० लिटरची. तीही नसेल तर कचऱ्याची जाड काळी पिशवी, हवा दाबून काढायची आणि तोंडाला घट्ट गाठ. दिसायला भिकार, काम चोख.

बॅटरीबुवा

प्रेअरीकरांशी सहमत. बॅटरीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पोटापाण्याचा विषय आहे.

लिथियम-आयन सेलमध्ये आयन एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे जातात ते द्रवरूप इलेक्ट्रोलाइटमधून. थंडीत तो द्रव दाट होतो, आयनांची ये-जा मंदावते, म्हणजेच सेलचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेऱ्याने एकदम जास्त करंट मागितला (फोकस मोटर, बर्स्ट म्हणजे सलग फोटो, स्क्रीन हे सगळं एका वेळी) की व्होल्टेज दाणकन खाली येतं. कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली आणि तो बंद होतो. प्रत्यक्षात चार्ज आतच असतो. तीच बॅटरी खिशात ठेवून ऊब दिली की परत चाळीस-पन्नास टक्के दाखवते. उणे २०ला साधारण निम्मी क्षमता हाती लागेल असं धरून चला. जुन्या बॅटरीत त्याहूनही कमी.

तेव्हा आतल्या खिशात, अंगालगत दोन बॅटऱ्या आणि कॅमेऱ्यात एक. कॅमेऱ्यातली दमली की अदलाबदल. "संपलेली" बॅटरी फेकल्यासारखी बॅगेत टाकू नका, दुपारी तीच कामाला येते. कोणती ताजी आणि कोणती दमलेली हे कळायला उजवा खिसा-डावा खिसा ठरवून टाका. नाण्यांच्या किंवा किल्ल्यांच्या खिशात मात्र उघडी बॅटरी नको, टोकं जोडली जातात. प्लास्टिकची टोपी लावा.

आता जे फार कमी लोक सांगतात ते. शून्याखालच्या बॅटरीला चार्ज करू नका. थंडीत वापरल्याने बॅटरीचं कायमचं नुकसान सहसा होत नाही, थंडीत चार्ज केल्याने होतं. आयन ॲनोडच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातुरूप लिथियम म्हणून साचतात, आणि ते परत येत नाही. क्षमता कायमची जाते, पुढे आतल्या आत शॉर्ट व्हायचा धोका. गाडीत रात्रभर राहिलेली बॅटरी किंवा पॉवर बँक सकाळी थेट चार्जिंगला लावायची नाही. अर्धा-पाऊण तास खोलीत राहू द्या, मग लावा.

आणि विमानात सुट्या बॅटऱ्या व पॉवर बँक केबिन बॅगेतच. तुमच्या बॅटऱ्या १६ वॉट-अवरच्या आहेत, १०० वॉट-अवरच्या मर्यादेच्या बऱ्याच आत, त्यामुळे प्रश्न येणार नाही.

कोरडी_भेळ

वाचनखूण साठवली. बुवा _/\_

एक शंका. माझ्या फ्लॅशला पेन्सिल सेल लागतात. ते चालतील का?

बॅटरीबुवा

साधे अल्कलाइन नकोत. त्यांचा इलेक्ट्रोलाइट पाण्याचा असतो, शून्याच्या आसपासच ढेपाळतात. पेन्सिल आकारातच लिथियमचे, रिचार्ज न होणारे सेल मिळतात. महाग असतात पण उणे ४०पर्यंत चालतात. हेडटॉर्चमध्येही तेच घाला. बाकी हिमबिबट्यावर फ्लॅश मारणार नाही आहात ना?

कोरडी_भेळ

नाही हो, मी कुठेच जात नाहीये. माहिती असावी म्हणून विचारलं.

चादरीवरचा_वाटसरू

धागाकर्तीला एक वेगळं मत. मी झंस्कारची चादर चाललोय. जानेवारी, गोठलेली नदी, तंबूत मुक्काम. कॅमेरा संपूर्ण वेळ जॅकेटच्या आतच होता आणि त्याला काहीही झालं नाही. दुकानदार अगदीच चुकीचं बोलला नाही. बाहेर लटकवून ठेवला असता तर तासाभरात बंद पडला असता.

प्रेअरीकर

वाटसरू, कोणता कॅमेरा होता? चालताना अंगाला घाम येतो, जॅकेटच्या आत दमटपणा भरपूर. उबदार झालेली लेन्स बाहेर काढली की त्यावरचा ओलावा तिथल्या तिथे गोठतो. पुन्हा आत घातली की वितळतो. मी म्हणेन बॅटरी आत, कॅमेरा बाहेर. कॅमेऱ्याला ऊब लागत नाही, बॅटरीला लागते.

चादरीवरचा_वाटसरू

छोटा कॉम्पॅक्ट होता. सगळ्यात वरच्या दोन थरांच्या मध्ये, अंगालगत नाही. आणि काढायचा, फोटो घ्यायचा, लगेच आत. दोन मिनिटांच्या वर बाहेर नाही. ज्याची बॅटरीच अंगठ्याएवढी आहे त्याला दुसरा पर्याय नसतो साहेब. तिथे तंबूत चार्जिंग कुठलं?

प्रेअरीकर

दोन थरांच्या मध्ये असेल तर ठीक. तरी मला पटलेलं नाही :)

खडूस_पेठकर

भांडा भांडा. तोपर्यंत चहा टाकतो.

दर्यापार

इतके दिवस वाचनमात्र होतो, या धाग्यासाठी लॉगिन केलं. मी गोव्यातला, वास्कोचा. आपली अंटार्क्टिक मोहीम चालवणारी ध्रुवीय संशोधन संस्था आमच्याच गावात आहे. १९८१ साली पहिली मोहीम निघाली तीही गोव्यातूनच. मी मैत्री तळावर एक हिवाळा काढलाय, तांत्रिक कामासाठी. मैत्री १९८९पासून आहे, नंतर २०१२मध्ये भारती सुरू झालं. हिवाळ्यात तिथे दोन महिन्यांच्या आसपास सूर्य वर येत नाही, आणि करायला काही नसतं तेव्हा माणूस फोटो काढायला शिकतो.

वर कुणी न सांगितलेलं एक म्हणजे उडता बर्फ. आपल्याला बर्फ म्हटलं की मनालीचे मऊ कापसाळ फुलोरे आठवतात. कडक थंडीत वारा सुटला की बर्फाची अक्षरशः पिठी उडते, आणि कॅमेऱ्याच्या प्रत्येक फटीत जाऊन बसते. बाहेर असेपर्यंत ती कोरडी असते, काही करत नाही. आत आणलंत की वितळून पाणी. तळावर आमचा शिरस्ता असा होता की बाहेरचं दार आणि आतलं दार यांच्यामधल्या थंड जागेत उभं राहून मऊ ब्रशने कॅमेरा पूर्ण झाडायचा, बॅटरीचं दार, हॉट शू (फ्लॅश बसवायची खाच), लेन्स हुडच्या आतली कड, सगळं. मग पिशवी, मग आत. फुंकर मारायची नाही. तोंडातली वाफ भिंगावर गोठते आणि ती पुसायला गेलं की ओरखडे. रबरी ब्लोअर न्या आणि तोही बाहेरच ठेवा. खिशात उबदार झालेला ब्लोअर दमट हवा मारतो.

वाऱ्यात लेन्स बदलायची नाही हे सांगायला नकोच. खारताई, तुमची १८०-६०० आहे ती लावूनच निघा आणि लावलेलीच परत आणा. आसपासच्या डोंगरांच्या फोटोंसाठी फोन आहे.

जुने लोक सांगायचे की फिल्मच्या काळात थंडीने फिल्म कडक होऊन तुटायची, आणि कोरड्या हवेत ती भराभर गुंडाळली की स्थिर विजेच्या ठिणग्यांनी झाडाच्या फांद्यांसारख्या खुणा उमटायच्या. डिजिटलवाले आपण सुखी आहोत.

ठाण्याची_खार

दर्यापार, दंडवत घ्या! तुमच्या त्या हिवाळ्यावर वेगळा धागा काढाच. आमच्या उणे २५ची आता लाज वाटायला लागली.

तिसरा_डोळा

मी किब्बरला जाऊन आलोय, त्यामुळे तिथलं खास सांगतो. वरचं बरंचसं ध्रुवीय आहे, किब्बर वेगळं आहे.

एक, तुम्ही चालत फिरणार नाही आहात. गावातले स्पॉटर पहाटेपासून कड्यांवर दुर्बिणी लावून बसतात, वॉकीटॉकीवर निरोप येतो, मग गाडीने आणि थोडं चालून दरीच्या काठावर जायचं आणि बसायचं. प्राणी समोरच्या कड्यावर झोपलेला असतो, खडकाच्या रंगाचाच. तो उठेपर्यंत चार तास, पाच तास. त्यामुळे थंडी कॅमेऱ्याआधी तुम्हाला लागते. बसायला फोमचा तुकडा न्या, बुटाखाली ठेवायला अजून एक. माझी बोटं पहिल्या तासात गेली, बॅटरी चौथ्या तासात.

दोन, अंतर. कधी दोनशे मीटर, बहुतेकदा त्याच्या दुप्पट-तिप्पट. ऊन वर आलं की उन्हातले खडक तापतात, बाजूला बर्फ थंड, आणि दरीवरची हवा लवलवायला लागते. दुर्बिणीतून बघा, कडा नाचताना दिसतो. अशा वेळी कितीही भारी लेन्स असू दे, फोटो मऊच येणार. लोक लेन्सला शिव्या देतात, फोकस तपासायला दुकानात नेतात. काही उपयोग नाही. सकाळी ऊन कड्यावर यायच्या आत आणि संध्याकाळी सूर्य गेल्यावर जे मिळेल ते खरं. दुपारचे नोंदीपुरते.

हाच प्रकार गाडीच्या खिडकीतून होतो. हीटर चालू, काच खाली, लेन्स बाहेर. आतली गरम हवा लेन्सच्या समोरूनच बाहेर पडते आणि प्रत्येक फ्रेम हललेली. हीटर बंद करा, काच उघडून थोडा वेळ जाऊ द्या, नाही तर सरळ खाली उतरा. आणि उबेतून काढलेली लेन्स लगेच चांगले फोटो देत नाही. आतली हवा थंड होईपर्यंत वीस मिनिटं, अर्धा तास द्या.

तीन, एक्स्पोजर. कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर बर्फाला राखाडी करू पाहतो, म्हणून कॉम्पेन्सेशन (मुद्दाम वाढवलेला उजेड) +१ ते +१.७ द्या असं सगळे सांगतात. भरल बर्फावर उभा असेल तर बरोबर आहे. पण बिबट्या बहुतेक वेळा करड्या-तपकिरी खडकावर असतो आणि बर्फ नुसता कोपऱ्यात. तिथे डोळे मिटून +१.७ दिलंत तर त्याची पाठ धुऊन निघेल. हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघा. रॉमध्येच (प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, सावलीतला बर्फ निळा येतो तो नंतर सरळ करता येतो.

सांजवात

अवांतर: हिमबिबटे भारतात नक्की आहेत तरी किती? की सगळे फोटोग्राफर मिळून एकाच बिबट्याचे फोटो काढतात?

तिसरा_डोळा

२०२४च्या जानेवारीत देशातली पहिली पद्धतशीर गणना जाहीर झाली. एकूण ७१८ असा अंदाज. त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये, हिमाचलात ५१. म्हणजे किब्बरला दिसतात ते मूठभरच. फेब्रुवारीत दिसण्याची शक्यता जास्त कारण भरल आणि आयबेक्स खाली उतरतात, त्यांच्यामागे हे. शिवाय बिबट्यांचा मिलनाचा काळ, त्यामुळे फिरतातही जास्त. आणि हो, एकाच बिबट्यावर तीस लेन्स रोखलेल्या मी पाहिल्यात. बघवत नाही.

रानफूल_७

हातमोज्यांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. आत पातळ, बोटांना घट्ट बसणारा लोकरी किंवा सिंथेटिक मोजा. त्यावर जाड मिटन, ज्याची पुढची टोपी उलटून मागे अडकवता येते असं. फोटोच्या वेळी टोपी मागे, झालं की पुढे. उघड्या बोटांनी धातूची बॉडी धरायची नाही. उणे वीसला कातडी चिकटते, नाकसुद्धा. मी डाव्या डोळ्याने बघते, त्यामुळे माझं नाक थेट मागच्या स्क्रीनवर टेकतं, हा अनुभव घेऊन झालाय. तिपाईचे पाय ॲल्युमिनियमचे असतील तर एसीच्या पाइपला लावतात तो काळा फोम वरच्या भागाला गुंडाळा. हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतो.

नाकावर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) ओढून व्ह्यूफाइंडरमध्ये बघितलं की श्वास वर येतो आणि काच पांढरी. बफ नाकाखाली घ्या, श्वास खालच्या बाजूला सोडा.

सर्वांत महत्त्वाचं, मोजे घालून घरी सराव करा. फोकस पॉइंट हलवणं, कॉम्पेन्सेशनची चकती, बर्स्ट. टचस्क्रीन विसरा, जे लागतं ते बटणांवर आधीच लावून ठेवा.

ठाण्याची_खार

आजपासून सराव सुरू. एसी १८वर, दोन-दोन मोजे, आणि समोर सोफ्यावर झोपलेलं आमचं मांजर. सासूबाई दारातून बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

एक शंका: गाइड म्हणतो "फील्स लाइक" उणे ३५ होतं. बॅटरीचा हिशेब उणे ३५ने करायचा की २५ने?

बॅटरीबुवा

२५ने. "फील्स लाइक" आपल्या कातडीसाठी आहे. वारा उघड्या त्वचेची उष्णता भराभर नेतो, म्हणून आपल्याला जास्त गार वाटतं. कॅमेरा वाऱ्याने हवेपेक्षा थंड होत नाही, फक्त हवेच्या तापमानाला लवकर पोचतो.

गंमत म्हणजे वारा नसताना, स्वच्छ आकाशाखाली रात्री ठेवलेली वस्तू हवेपेक्षाही थोडी थंड होऊ शकते, कारण ती आकाशाकडे उष्णता फेकत असते. म्हणून ताऱ्यांचे फोटो काढताना लेन्सच्या पुढच्या काचेवर हिमकण धरतात.

प्रेअरीकर

अगदी! त्यासाठी यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा मिळतो, लेन्सच्या तोंडाभोवती गुंडाळायचा. नसेल तर हात शेकायची केमिकल पाकिटं रबरबँडने बांधा. ती पाकिटं म्हणजे आत लोखंडाचा चुरा असतो, हवेतल्या ऑक्सिजनने गंजतो आणि ऊब देतो. किब्बरच्या उंचीवर हवा विरळ, त्यामुळे ती इथल्याइतकी तापणार नाहीत. घट्ट बंद खिशातही विझतात.

थंडीचा एक फायदाही सांगून ठेवतो. सेन्सरचा नॉइज तापमानाबरोबर वाढतो. उणे वीसला लांब एक्स्पोजर इतके स्वच्छ येतात की विचारू नका. स्पितीत आकाश काळंभोर असणार. रात्री पंधरा मिनिटं काढाच. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर मोठा करून हाताने लावा. रिंगवर चिकटपट्टी लावणार असाल तर खोलीतच लावून निघा. थंडीत तिचा गोंद धरत नाही.

लोखंडे_तिपाईवाले

तिपाईवर लेन्स फिरवायला गिम्बल हेड नेताय की फ्लुइड? फ्लुइड असेल तर थंडीत आतलं ग्रीस थिजतं, डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली होते तसं. पॅन करायला गेलं की धक्के. बेअरिंगवालं साधं गिम्बल बरं. तिपाईचे पाय बर्फात रोवताना आधी थोडे मिटलेले रोवा, मग दाबा, नाही तर फाकतात आणि सांध्यांवर ताण येतो. ओल्या पायांचे लॉक मिटवू नका, रात्रीत गोठतात आणि सकाळी दोन माणसं लागतात उघडायला. तिपाई रात्री बाहेरच राहू द्या. ती कोण चोरतंय तिथे?

ठाण्याची_खार

गिम्बल आहे, साधंच. हुश्श!

मग आता रात्रीचं ठरवते: कॅमेरा-लेन्स ड्राय बॅगेत घालून होमस्टेच्या न तापवलेल्या खोलीत, बॅटऱ्या आणि कार्ड माझ्याबरोबर झोपायच्या खोलीत. बरोबर ना?

तिसरा_डोळा

उत्तम. तिथली घरं मातीच्या जाड भिंतींची, कोठीची खोली बाहेरच्याइतकी थंड होत नाही आणि स्वयंपाकघराची वाफही तिथे नसते. सकाळी तिथून थेट बाहेर, काच धुरकटण्याचा प्रश्नच नाही. बॅटऱ्या लोकरी मोज्यात घालून पांघरुणात घ्या. आणि वीज जाते, कधी दोन-दोन दिवस. त्यामुळे तीन नव्हे, चार बॅटऱ्या आणि एक मोठी पॉवर बँक. वायफाय, ब्लूटूथ बंद, फोटो काढल्यावर आपोआप दिसणारा प्रीव्ह्यू बंद. मिररलेसमध्ये दर वेळी डोळा लावला की बॅटरी जाते, तेव्हा बिबट्या झोपलेला असताना कॅमेऱ्यातून बघत बसू नका. त्यासाठी दुर्बीण.

मागची स्क्रीन थंडीत मंद झाली, घोस्टिंग (आधीच्या चित्राची सावली) दिसलं तर घाबरू नका, एलसीडीतलं द्रव आळसावतं. तुमचा व्ह्यूफाइंडर ओलेड आहे, त्याला तितका त्रास होत नाही.

सांजवात

उंचीसाठी गोळ्या घ्यायच्या का आधी?

खडूस_पेठकर

ते डॉक्टरांना विचारा, इथे नको. मागच्या वेळी गोळ्यांवरून धागा तीनशे प्रतिसादांवर गेला होता आणि शेवटी होमिओपॅथीवर पोचला.

उनाडभुंगा

ताई, ड्रोन नेताय का? चिचमचा पूल वरून काय दिसेल! बर्फातल्या दरीचा असा शॉट कुणाकडे नसेल.

तिसरा_डोळा

किब्बर अभयारण्य आहे. परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही, आणि हौशी माणसाला ती मिळेल या भरवशावर राहू नका. शिवाय ड्रोनच्या आवाजाने कड्यावरचे भरल उधळले तर बर्फावरून घसरतात. स्पॉटर लोकांनी पाच तास धरून ठेवलेला बिबट्या एका क्षणात गायब होईल, आणि मग संध्याकाळी तुम्हाला त्यांच्याच घरी जेवायचं आहे.

बॅटरीबुवा

आणि तांत्रिक बाजूने, हौशी ड्रोनचा पट्टा साधारण उणे १०पर्यंत. बॅटरी गार असेल तर बरेचसे उडायलाच नकार देतात. उडाला आणि दरीच्या मध्यावर व्होल्टेज कोसळलं तर कॅमेऱ्यासारखं खिशात घालून गरम करता येत नाही.

उनाडभुंगा

बरं बाबा, नाही म्हणत. मला कुठे जायचंय.

ठाण्याची_खार

ड्रोन नाहीच आहे आमच्याकडे. नवऱ्याला हे दोन प्रतिसाद दाखवते, तो घ्यायच्या बेतात होता.

काळा फोम आणला. दुकानदाराने विचारलं किती टनाचा एसी.

लोखंडे_तिपाईवाले

आतला व्यास मोजून आणलात ना? १.५ टनाचा बहुतेक पायांना सैल होतो. सैल असेल तर खालच्या टोकाला केबल टाय मारा, नाही तर बर्फात पाय रोवताना वर सरकतो.

ठाण्याची_खार

सैलच आहे :( केबल टाय शोधते.